वास येतो, असं मी सांगितलं

आई, तुझ्या पाटावर आता ती बसते. तू जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहायला कागद घेतला, तर पहिली ओळ हीच आली. खरं तर माझ्या डोक्यातून गाठ काढली, मी अडीच महिने खाटेवर आहे, हे आधी सांगायला हवं होतं. पण मनात आधी येते ती मागच्या पडवीतली चूल, तिच्यावर तुझी मोठी लोखंडी कढई आणि समोर पदर खोचून बसलेली तुझी सून. मी पुढच्या खोलीत, डोक्याला सुती फडकं बांधून, चार दिवस राहायला आलेल्या पाहुणीसारखी. डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने आगीजवळ एकटीने जायचं नाही, फिट येऊ शकते. वाकायचं नाही, कळशी उचलायची नाही, उन्हात उभं राहायचं नाही. तुझ्या लेकाने हे सगळं कंपनीच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावलंय. येणारा-जाणारा प्रत्येकजण ते वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो.

गाठ साधी होती, कर्करोगाची नव्हती. पण बसली होती कपाळाच्या मागे, नाकाच्या अगदी वर, आणि कित्येक वर्षं सावकाश वाढत होती. डोकं दुखायचं ते मी उन्हावर घातलं, मग चष्म्यावर घातलं. संक्रांत झाल्यावर एकदा बाजारात रिक्षातून उतरताना तोल जाऊन पडले तेव्हा भावाने ऐकलं नाही, डोक्याचा फोटो काढायलाच लावला. मग घाट चढून कोल्हापूर. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांना पट्टा लावतात तसं, डोकं उघडलं होतं म्हणे. शुद्धीवर आले तेव्हा डोळे सुजून बंद झालेले, आणि कानाशी तुझ्या लेकाचा आवाज, "ताये, मी हाय गो, मी हाय." एवढा पन्नाशीला आलेला माणूस रडत होता. मला तेव्हा त्याची माया आली. त्याचा मला कधीच हेवा वाटला नाही, हे तुला माहीत आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावून तीन छोट्या बाटल्या नाकाखाली धरल्या होत्या. पहिलीचं लेबल मी डोळे मिटायच्या आधी वाचलं होतं, म्हणून म्हटलं, कॉफी. दुसरीला म्हटलं, साबण. तिसरीला म्हटलं, सर्दी झालीय. डॉक्टरांनी बाटल्यांना बुचं लावली. मग म्हणाले, वासाची नस गाठीखाली चेपली आहे, बरीच वर्षं हळूहळू कमी होत गेलं असणार, आता जो काही उरला असेल तोही जाईल आणि परत यायची आशा ठेवू नका. शेजारी बसलेला तुझा लेक म्हणाला, "वासाचं काय घेऊन बसलात डॉक्टर, जीव वाचू दे." आई, मला हसू आलं. गावाचे वर्षभराचे मसाले भाजून ज्या घराने दोन पिढ्या वासावर भात खाल्ला त्या घरचा मुलगा म्हणतो, वासाचं काय. घरी येऊन त्याने बायकोला टाके सांगितले, गोळ्या सांगितल्या, वासाचं सांगितलंच नाही. सांगण्यासारखं ते त्याला वाटलंच नाही. आणि मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

आता सगळे विचारतात, डोकं दुखतंय का, चक्कर येते का, दोन दोन दिसतं का. वासाचं कोणी विचारत नाही. एकदा तुझ्या सुनेने चहा देताना सहज विचारलं, "आल्याचा वास येतोय ना ताई, जास्त तर नाय झालां?" मी म्हटलं, येतो की. त्या दिवसापासून हे खोटं मी रोज थोडं थोडं वाढवत नेलंय. बांगड्याचं तिखलं पानात पडतं, मला फक्त तिखट कळतं आणि आंबट कळतं. कोकमाची आमटी म्हणजे आंबट गरम पाणी. तिने केलेल्या भाताला वास नाही, ओल्या काजूंच्या उसळीला वास नाही, तिच्या हाताला वास नाही. पण गप्प जेवले तर संशय येईल, म्हणून मी प्रत्येक जेवणाला काहीतरी खोड काढते. "मीठ जरा कमी पडलंय." मीठ मला कळतं ना. आता माझं राज्य तेवढं मिठापुरतं उरलंय आणि तिथे मी फार कडक आहे. ती निमूट मिठाची वाटी पुढे सरकवते.

तुझे दिवस आठवतात. होळी झाली की आपल्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, मिरच्या पसरलेल्या, घराघरांची गाठोडी पडवीत रांगेने. तू लिहायला शिकली नव्हतीस, म्हणून ज्या घरचं गाठोडं त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधायचीस, आणि एकदाही चुकली नाहीस. कुणाकडे धणे जास्त, कुणाकडे माशाच्या कालवणासाठी तिरफळं हवीत, कुणाला बडीशेप चालत नाही, सगळं तुझ्या डोक्यात. ज्या घरचा मसाला त्या घरची बाई भाजणं संपेपर्यंत समोर बसून राहायची, हा रिवाज. तू एकेक जिन्नस वेगळा भाजायचीस. मला म्हणायचीस, धण्यांचा वास घरभर सुटला की समज उशीर झाला, कढई तापलेलीच असते, परातीत जाईपर्यंत ते आणखी भाजतात. वास सुटायच्या जरासा आधी एक वास येतो, कोवळा, ओल्या गवतासारखा, तो गेला रे गेला की उतरायचं. मला तो सापडायला दोन उन्हाळे लागले. सापडला त्या दिवशी मी इतकी हुरळले की परात तुझ्या पायावर पालथी केली.

आणि त्याच्याही आधीचा एक दिवस. मी पंधरा वर्षांची आहे, मैत्रिणीने सुरंगीचा गजरा दिलाय, तो माळून मी ऐटीत चुलीपाशी येऊन बसते. तू मान वळवत नाहीस. हातातलं उलथणं खाली ठेवतेस, मागून माझा गजरा उपटतेस, चार केसांसकट, आणि खळ्यापलीकडे भिरकावतेस. "वासाची फुलां माळून मसाला भाजतात काय गो? नाक त्या फुलांत अडकलां तर धण्यांकडं कोण बघंल?" समोर बायका बसलेल्या. मी मान खाली घालून लवंगा निवडते आणि माझे अश्रू लवंगांत पडतात. त्यानंतर आजतागायत मसाल्याच्या दिवसांत मी फूल माळलं नाही, वासाचं तेल लावलं नाही, अंगाला साबण लावला नाही. लग्नातसुद्धा उन्हाळा होता म्हणून मला गजरा नकोसा झाला होता. सासरच्यांना ते अपशकुनी वाटलं.

त्या लग्नाचं काय झालं ते तुला माहीत आहे. दोन वर्षांनी मी एक पिशवी घेऊन परत आले तेव्हा तू एक शब्द विचारला नाहीस. भर दुपार होती, चूल पेटलेली होती. तू सरकून बसलीस, अर्धा पाट मोकळा केलास आणि म्हणालीस, "मिरच्यांची देठां काढायची हायत." मी देठं काढायला बसले ती तीस वर्षं बसले. दुसऱ्या कोणाला नवरा असतो, मुलं असतात, नोकरी असते. मला तो अर्धा पाट होता. तू गेल्यावर तो पूर्ण माझा झाला, आणि लाज वाटते पण सांगते, तुझ्या जाण्याच्या दुःखात तेवढा एक आनंदाचा कोपरा होता.

तू त्या पाटावर बसून काय कमावलंस हे मला फार उशिरा कळलं. खालच्या आळीतल्या मास्तरीणबाईंची सासू आपल्याकडे मसाला घेऊन यायची ती स्वतःचा पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन. आपण बौद्ध झालो तरी तिच्या लेखी आपण तेच होतो. चार तास समोर बसायची, आपल्या माठातला घोट घ्यायची नाही. पण तू भाजलेला मसाला वर्षभर खायची, आणि मुंबईच्या लेकीला, पुण्याच्या जावयाला डबे भरून पाठवायची. तू एकदा मला हळूच म्हणाली होतीस, "पाणी नको झालां तरी नाकाला कोण नाय म्हणत नाय." सासू गेल्यावर मास्तरीणबाई तांब्याशिवाय यायला लागल्या. आता आपल्याकडे चहा पितात. म्हणून म्हणते, तुझ्या लेकाला वाटतं तसं ते वासाचं काय नव्हतं.

मग तू सून आणलीस. दाभोळची, खाडीकाठची, चार बोटीवाल्यांच्या घरात वाढलेली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पहिल्याच महिन्यात तिने बाहेरून आल्या आल्या उंबऱ्यावरूनच सांगितलं, "मासेवाल्या मावशींनी आणलेली कोलंबी सकाळची नाय, कालची हाय." तू टोपली उघडून बघितलीस आणि तुझा चेहरा उजळला. माझ्या वासाच्या परीक्षेला तू कधी असा चेहरा केला नव्हतास. मला वाटायचं तू कौतुक करणाऱ्यांतली नाहीसच. तर तसं नव्हतं. तुझ्या शेवटच्या वर्षी, तू अंथरुणाला खिळलेली, मी तुझ्यासाठी पेज घेऊन येत होते आणि दाराआड थबकले, कारण आत तू मास्तरीणबाईंना सांगत होतीस, "सुनेचां नाक हाय माझ्यासारखां." बाई म्हणाल्या, "आणि थोरलीचं?" तू म्हणालीस, "ती कष्टाळू हाय." मी पेज गार होईपर्यंत तिथे उभी होते. तीस वर्षांतली पंधरा तेव्हा झाली होती, आणि त्या पंधरा वर्षांना तू एक शब्द दिलास. कष्टाळू. बैलाला म्हणतात तो.

शेवटच्या आठवड्यात तू डोळेही उघडत नव्हतीस, तरी खाटेवरून पुटपुटलीस, दूध लागलंय. मी स्वयंपाकघरातच होते, मला काही कळलं नाही. बघते तर टोपाच्या तळाशी नुकतं कुठे धरायला लागलेलं. तुझा आवाज आला होता, "सूनबाय, दूध." हाक तिला होती. तुझाही हेवा वाटतो मला, आई. तू पुरतं नाक घेऊन गेलीस.

आता गेल्या वर्षीचं सांगते. हे लिहायलाच बसले आहे, बाकीचं सगळं टाळाटाळ. गेल्या उन्हाळ्यात मास्तरीणबाई आजारी होत्या, त्यांनी नुसतं गाठोडं पाठवलं, आणि समोर कोणी नसताना त्यांचा मसाला मी भाजला. मीच, एकटीने, तुझ्या सुनेला चुलीपाशी येऊही दिलं नाही. तो कोवळा वास मला दोन वर्षांपासून सापडत नव्हता. आधी वाटलं धणेच वाईट येतात हल्ली. मग वाटलं वय झालं. मग मी रंगावर भाजायला लागले, मग अंदाजावर. आतून मला माहीत होतं आणि मी ते कोणाला कळू देत नव्हते, स्वतःलाही जमेल तेवढं नाही. श्रावणात बाई आल्या, कागदाच्या पुडीत चिमूटभर मसाला घेऊन. म्हणाल्या, "रागावू नका, पण यंदा कडसर लागतोय हो. कालवण घशात धरतं." तुझी सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आणि मी, आई, अगदी सहज, काही विचार न करता म्हटलं, "त्या दिवशी मला बरं नव्हतं. हिने भाजला होता." ती म्हणाली, "हां, माझ्याच हातचां असंल तां." कप ठेवून आत गेली. तिने ना नवऱ्याला सांगितलं, ना मला विचारलं. मी वाट बघत होते की ती भांडेल, मग मला तिच्यावर रागावता येईल. तिने तीही सोय ठेवली नाही.

आणि हीच बाई आता मला न्हायला घालते. टाक्यांवर पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर तळहात आडवा धरते. माझी नखं कापते. गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा सुजलाय, तर आरसा काढून कपाटात ठेवलाय तिने, मला न सांगता. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहात हो, अशी भावजय कुणाला मिळते. मी हसते. माझा जळफळाट होतो. माझ्या आजारपणातसुद्धा कौतुक तिचंच.

होळी झाली तशी विचारणा सुरू झाली. भाऊ म्हणाला, यंदा बंद ठेवूया, ताईला धुराचा त्रास नको. मला वाटलं, बरं झालं, मी नाही तर कोणीच नाही. पण तुझी सून म्हणाली, "घरां तुटतील. आयेच्या वेळेपासूनची हायत. मी बसत्ये, ताई सांगतील तसां भाजीन." सांगतील तसं! मी खाटेवरून काय सांगणार होते? पहिल्या दिवशी चूल पेटली, कढईत उलथणं फिरल्याचा आवाज यायला लागला, आणि रस्त्यावरून जाणारी कोणीतरी थांबून खळ्यातून म्हणाली, "अगदी म्हातारीची आठवण झाली गो, काय वास सुटलाय!" मी उशीत तोंड खुपसून खोल श्वास घेतला, छाती दुखेपर्यंत घेतला. काही नाही. नुसती हवा. तुझ्या आठवणीचा वास रस्त्यावरच्या परक्या बाईला आला, आणि तुझ्या लेकीला आला नाही.

आठ दिवसांपूर्वी मास्तरीणबाई गाठोडं घेऊन आल्या. बसता बसता विचारलं, "यंदा भाजणार कोण?" नजर तुझ्या सुनेवर, आणि त्या नजरेत गेल्या श्रावणातली पुडी. मी पडवीच्या दाराशी खुर्चीवर बसले होते, चुलीपासून लांब. मिरच्या झाल्या, लवंग-दालचिनी झाली, मग धणे कढईत पडले. इतक्यात खळ्यात मोकाट गुरं घुसली, पसरलेल्या मिरच्यांवर. तुझी सून "हाड, हाड" करत धावली, बाईही उठून मागोमाग गेल्या. कढई चुलीवर, चूल पेटलेली, समोरचा पाट मोकळा. मी उठले. कॅलेंडरवर लिहिलेलं सगळं मोडलं आणि बसले. तुला सांगते, अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला बरी झाल्यासारखं वाटलं. उलथणं हातात बसलं, मनगट आपोआप फिरायला लागलं. धणे रंगावर चांगले दिसत होते. मला वाटलं, अजून जरासे. अजून जरासे. बाहेरून परतताना बाई बघतील, मी पाटावर, आणि ती गुरांमागे. एवढंच डोळ्यांपुढे होतं.

खळ्याच्या टोकावरून तुझी सून ओरडली. गुरांवर नव्हे. "ताई, उतरा! उतरा आधी!" तिला तिथे वास लागला होता, वारा उलटा असताना. मला कढईवर वाकून लागला नव्हता. ती आली, तिने कढई ओढून परातीत पालथी केली, तोवर धणे काळे ठिक्कर. मागून बाई आल्या, नाकाला पदर लावून. "काय करपवलंत गो?" मी तोवर पाटावरून उठून भिंतीला टेकले होते. मला बोलायला पुरेसा वेळ होता, आई. ती पण क्षणभर थांबली, माझ्याकडे बघत. मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "माझांच चुकलां. ढोरां हाकायला गेल्ये आणि विस्तव ओढायचा राहिला." बाई वैतागल्या. म्हणाल्या, "गेल्या वर्षीही तुझ्याच हातून झालं होतं. यांच्या हाताची सर नाही तुला यायची." आणि मला दिलासा म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकायला हवा होता. मी बाईंना म्हटलं, "शिकेल हळूहळू."

बाई नवे धणे घेऊन येते म्हणून गेल्या. संध्याकाळच्या उजेडात तुझी सून विहिरीपाशी राखेने कढई घासत होती, काथ्याने खरवडून. मी दगडावर बसले होते. तिने वर न बघता विचारलं, "ताई, किती दिवस वास येत नाय?"

"येतो," मी म्हटलं. "जरा सर्दी आहे."

"बरां," ती म्हणाली. आणि कढई उलटी करत, "मला वाटलां होतां, गेल्या वर्षीपासून."

म्हणजे तिला माहीत होतं. श्रावणात कप घेऊन दारात उभी होती तेव्हाच माहीत होतं, कदाचित माझ्याही आधी. ते करपलेलं तिला उंबऱ्यावरूनच कळलं असणार, कोलंबीसारखं. मला वाटलं आता ती बोलेल, एवढ्या वर्षांचं सगळं. मी तयारच होते. माझ्याकडे तिच्याविरुद्ध बरंच साठलेलं आहे, फक्त त्यात तिचा एकही गुन्हा नाही. ती कढई धुवून उठली, मला हाताला धरून आत आणलं, संध्याकाळची गोळी दिली. गोळी गिळताना मी तिला म्हटलं, आमटीत मीठ कमी होतं दुपारी.

दुसऱ्या दिवशी तिने चुलीजवळ खुर्ची ठेवली. फार जवळ नाही, कॅलेंडरला राग येणार नाही इतक्या अंतरावर, पण तिच्या अगदी समोर. मी बसले. बाहेरच्या दोन बायका आपापला मसाला घेऊन आलेल्या. तिने बडीशेप टाकली आणि थोड्या वेळाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, झालां का बघा." मला वाटलं थट्टा करते माझी. रागाने मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तेव्हा दिसलं. वास घेताना तिच्या नाकपुड्या अगदी बारीक फुलतात आणि मग एका क्षणी बसतात. तो क्षण. मी म्हटलं, "उतर." तिने उतरवलं. बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून हे असंच चाललंय. ती विचारते, मी तिच्या नाकाकडे बघते आणि सांगते. ती आता बसतानाच तोंड उजेडाकडे करून बसते. याबद्दल आम्ही दोघी एक अक्षर बोललेलो नाही.

काल मास्तरीणबाई नवे धणे घेऊन आल्या. सगळं नीट झालं. धणे परातीत पडले तशी बाईंनी चिमूट घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, "हां, हे खरं. आजारातून उठून खुर्चीत बसून यांना कळतं, बघ, आणि तुला पाटावर बसून कळत नाही." तुझी सून म्हणाली, "त्यांनी सांगितलां म्हणून वाचले यंदा."

हे पत्र लिहून झाल्यावर तुझ्या फोटोच्या मागे सरकवून ठेवायचा विचार होता. पण फोटो रोज पुसते ती, आणि तिला वाचता येतं. म्हणून फाडून टाकते. बाईंना खरं सांगायचं अजून राहिलंय, आणि सांगेन असं तुला कबूल करत नाही, कारण काल तिचं ते वाक्य ऐकून मला लाज वाटायला हवी होती, आई, आणि मला बरं वाटलं.